गाळणकागदावरचं वजन

हा पांढरा गोल कागद नीट बघा. काचतंतूंचा आहे, छिद्रं १.६ मायक्रोमीटरची. आधी तो वाळवून तोलला, आकडा लिहून ठेवला. आता त्यावर ओतलं जातंय पॉलिएस्टरचा तुकडा धुतलेलं पाणी. पाणी खाली उतरतं आणि वर राहते ही करडी साय.

हे कापडातून सुटलेले तंतू. बहुतेक पाच मिलिमीटरहूनही आखूड. २०११ सालच्या एका अभ्यासात, एकाच कपड्यातून एका धुण्यात १९०० हून जास्त तंतू निघाल्याचं आढळलं होतं.

मग ते कमी सुटावेत म्हणून कापडच वेगळं घडवलं तर?

डावीकडचा तुकडा आखूड तंतूंना पीळ देऊन काढलेल्या सुताचा. वीण सैल, वरचा भाग ओरबाडून मऊ केलेला. उजवीकडचा अखंड तंतूंचा, घट्ट विणीचा. याची कड लेसरनं कापलीय. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, टोकं वितळून जागच्या जागी थिजलीत.

पण सगळे बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला हे कसं कळणार? म्हणून एका वेळी एकच बदल. वीण तपासायची, तर दोन्ही तुकड्यांच्या कडा सारख्याच बंद करायच्या. पाणी तेवढंच, तापमान तेच, वेळही तीच. तुकडा धुतात त्या बंद डब्यात खडखडताहेत त्या स्टीलच्या गोळ्या, धुलाई यंत्रातली घासाघीस घडवायला. आणि एक डबा कापडाशिवाय फिरवायचा. हवेतली धूळ, तपासणाऱ्याच्या कोटाचे धागे, तेही कागदावर येतातच. तेवढं वजा करायचं. उरलेल्याला कापडाच्या वजनानं भागायचं. पहिल्या काही धुण्यांत तंतू जास्त सुटतात, म्हणून हे सारं पुन्हा पुन्हा.

अशा चाचणीसाठी २०२३ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानकही आहे. कपड्यावर ‘पर्यावरणस्नेही’ लिहिणाऱ्याकडे आधी हा आकडा मागायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

समुद्रात थेट कणरूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून येतं, हा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचा २०१७ सालचा अंदाज. कापड बनवताना लागलेली वीज, अंगावर वापरताना हवेत सुटलेले तंतू, हे मात्र या कागदावर उतरत नाही. त्याचं मोजमाप वेगळं.

उजव्या तुकड्याचा कागद आता भट्टीतून निघालाय. चिमट्यानं उचलला, तराजूवर ठेवला. काचेचं दार बंद. शेवटचा अंक अजून हलतोय.