गंगेवरचा बुधवार

जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. म्हणून दर बुधवारी गाडगे महाराज पुलाच्या आसपास, घाटावर भरणारा हा आठवडे बाजार म्हणजे 'गंगेवरचा बाजार'.

श्रावणातली सकाळ. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून एसटीने आलेल्या बायका गोणपाट अंथरतायत. कांदा-बटाटा, मसाले, भांडीकुंडी सगळं इथे मिळतं. पण पावसाळ्यात मी आधी वळते ती या गोणपाटांकडे.

ही कर्टुली. अंगावर काटे, पण बोटाला मऊ लागणारे. रानातला हा वेल कुणी लावत नाही. जमिनीतला कंद वर्षभर निजून राहतो आणि पहिल्या पावसात फुटतो. घेताना हिरवीगार घ्यावीत. पिवळी पडली की आतल्या बिया दाताखाली येतात. पातळ काप करायचे, कांदा-मिरचीवर तेलात परतायचे, पाणी अजिबात नाही. इथे तराजू नाही, वाटे असतात.

"मावशी, कसा दिला वाटा?"

"तीसला घे, बाई. काल सांजचीच काढलीत."

शेजारी नागली. पुण्या-मुंबईची नाचणी ती हीच. डोंगरउतारावर, जिथे भाताला पाणी पुरत नाही, तिथे ती येते. मूठभर हातात घ्या, विटकरी दाणे मोहरीसारखे बोटांतून निसटतात. तिची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच खावी, सोबत ठेचा. याहून चांगलं जेवण मला माहीत नाही.

बाजाराची जागा मात्र नदीच्या मर्जीवर. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे सगळ्यांचे डोळे. पाणी गुडघ्याला की कमरेला, यावर नाशिक पूर मोजतं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तर पाणी सराफ बाजारातल्या दुकानांत शिरलं होतं. तशा बुधवारी घाट पाण्याखाली असतो आणि हीच गोणपाटं वरच्या रस्त्याकडेला, मिळेल तिथे पसरतात. भाजी आदल्या दिवशीच खुडलेली असते, ती पुढच्या बुधवारपर्यंत थांबत नाही.

दुपार कलली. मावशींसमोर दोनच वाटे उरलेत. त्यांनी ते एकत्र केले आणि माझ्या पिशवीत ओतले.

"एकाचेच दे. माझी गाडी लागली असंल."