बावीसवरचा ग्रुप फोटो

नमस्कार श्रोतेहो. फ्लॅशच्या खोक्यावर जो भला मोठा आकडा छापलेला असतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे. पण त्या आकड्याचा विषय निघाला की मला आमच्या ऑफिसातला एक निरोप समारंभ आठवतो.

रोलचे दिवस होते. साहेब निवृत्त होत होते. तीन रांगांत सव्वीस माणसं उभी, आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे, कारण कॅमेरा माझाच. फ्लॅश काकांकडून मागून आणलेला. त्याच्या पाठीवर पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर ठळक ११०. हा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा. गाइड नंबरला अंतरानं भागलं की ॲपर्चर मिळतं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं तो एफ आकडा (आकडा मोठा तितकं भोक लहान), एवढं मला पाठ होतं. मी पावलं मोजली, पाच मीटर भरले. एकशे दहा भागिले पाच, बावीस. एफ २२! तिन्ही रांगा लख्ख येणार म्हणून मी खूश. सगळ्यांना हसवलं, तीनदा बटण दाबलं, वर ‘आता काळजी नको’ असंही सांगून टाकलं.

रोल धुऊन आला. निगेटिव्ह उजेडाकडे धरली तर तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली. माणसं जवळपास नव्हतीच. पांढऱ्या शर्टांचे करडे डाग, आणि साहेबांच्या टकलाच्या जागी एक काळा ठिपका.

काकांनी पट्टी भिंगाखाली धरली. ११०च्या शेजारी घासून गेलेलं बारीक अक्षर होतं, ‘फूट’. एकशे दहा फूट म्हणजे साडेतेहेतीस मीटर. त्याला पाचानं भागा, पावणेसात येतात. म्हणजे लेन्स ५.६ आणि ८च्या मध्ये उघडायची, ती मी २२वर आवळून बसलो. हवा होता त्याच्या दहावा हिस्साही प्रकाश फिल्मवर पडला नव्हता. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मीटर फुटापेक्षा बराच मोठा असतो रे.” साहेब मात्र पुढे वर्षभर फोटोची चौकशी करत होते.

तेव्हा गाइड नंबर दिसला की आधी विचारा, फूट की मीटर? मग आयएसओ, म्हणजे फिल्मची किंवा सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, किती धरलाय, बहुधा १०० असतो. आणि फ्लॅशचा झूम कितीवर होता? दोनशे मिलिमीटरवर झोत आवळला की आकडा फुगतो, पण तोच फ्लॅश प्रकाश पसरवणाऱ्या स्टुडिओच्या छत्रीत मारला की तो आकडा निरुपयोगी. पुन्हा सांगतो: माप, आयएसओ, झूम.

स्टुडिओच्या दिव्यांवर वॅट-सेकंद लिहितात. साठ वॅटचा बल्ब पाच सेकंद जळला की तीनशे वॅट-सेकंद झाले. स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओतला फ्लॅश, तेवढी ऊर्जा सेकंदाच्या अगदी बारीक अंशात ओततो. पण हे कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेचं माप आहे, बाहेर पडलेल्या प्रकाशाचं नव्हे. टाकी केवढी ते कळलं, बादलीत किती पडलं ते नाही. आणि तीनशेऐवजी सहाशेचा घेतलात तरी, बाकी सगळं सारखं असेल तर, फरक फक्त एका स्टॉपचा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ऊर्जा दुप्पट, स्टॉप एक. उलट अंतर दुप्पट केलंत की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले.

यावरून आठवलं, नाटकाला बाल्कनीतून मोबाइलचा फ्लॅश मारणारे लोक! रंगमंचापर्यंत त्यातलं काही पोचत नाही, उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी. नटाचं लक्ष उडतं ते वेगळंच. असो.

दोन स्ट्रोबांची तुलना करायची तर खोकी बाजूला ठेवा. दोघांना तीच छत्री, तेच अंतर, तोच आयएसओ, आणि फ्लॅश मीटरचा, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मोजून एफ आकडा दाखवणाऱ्या यंत्राचा, पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे करून चेहऱ्याच्या जागी धरा. एकानं ८ दाखवलं, दुसऱ्यानं ११, तर दुसरा एक स्टॉप जोरकस.

काकांचा तो फ्लॅश अजून माझ्याकडे आहे. पट्टीवर मी कागद चिकटवलाय, ‘३३, मीटर’. कडेनं जुना ११० अजून डोकावतो. नमस्कार.