मंदीतला मोकळा वेळ आणि पाच रुपयांचं नाणं

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय मंदी, धंदा आणि इंटरनेट. घाबरू नका, शेअर बाजाराचे आकडे सांगत नाही. जेवणाच्या वेळेला ते ऐकून भूक मरते.

मला सांगायचंय ते थोडकं आहे. मंदीत हातात पैसा कमी असतो, वेळ मात्र भरपूर असतो. त्या वेळात आपल्याला जे येतंय ते लिहून काढा आणि गिऱ्हाइकाला सापडेल अशा जागी ठेवा. परत सांगतो: जे येतंय ते लिहा, गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहा.

15 सप्टेंबर 2008 ला तिकडं न्यूयॉर्कात लेहमन ब्रदर्स ह्या बड्या बँकेनं दिवाळं काढलं. आपल्याला त्याचं काय, असंच तेव्हा वाटलं होतं. पण थोड्याच दिवसांत ट्रकची विक्री बसली. ट्रक बसला म्हणजे त्याचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग बसले, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतल्या पोरांना 'उद्या येऊ नको' असे निरोप जायला लागले.

शिवाजी उद्यमनगरात तेव्हा एक पॅटर्नमेकर होते. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, साचा पडला की त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं, म्हणून 100 मिलिमीटरच्या भागाला पॅटर्न करायचा 101 चा. त्यासाठी मामांकडं खास पट्टी होती. तिच्यावरचा सेंटिमीटर शाळेच्या पट्टीवरच्या सेंटिमीटरपेक्षा जरा मोठा! भाच्यानं लहानपणी ती पट्टी भूमितीच्या पेपरला नेली होती म्हणे, पण ते असू दे.

काम बंद पडलं, तसं संध्याकाळी भाचा कॉम्प्युटरसमोर आणि मामा चहा घेऊन शेजारी, असा दरबार भरायला लागला. मामा बोलायचे, भाचा टाइप करून ब्लॉगवर टाकायचा. विषय काय, तर जुनी ऑइल इंजिनं. कोल्हापुरात एकेकाळी ही इंजिनं ढिगानं बनायची, लांबलांबच्या विहिरींवर जायची. बनवणारे कितीतरी कारखाने बंद पडले, पण इंजिनं काही बंद पडेनात. मामांनी सांगितलेला पहिला मजकूर धुरावर होता. काळा धूर आला तर इंजिनाला हवा कमी पडतीय, आधी एअर फिल्टर बघा. निळसर आला तर ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा बघा. एवढंच, पण मराठीत आणि फुकट.

शेजारचे हसले. "मामा, सगळी विद्या वाटून टाकली तर खाणार काय?" मामा म्हणाले, "धूर बघाया शिकतील रं. माझी पट्टी कुठनं आणतील?"

आणि एक दिवस मराठवाड्यातनं फोन आला. इंजिनाचं बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसतं ते घर, चिरलंय, कंपनी बंद, भाग कुठंच मिळत नाही. त्या शेतकऱ्यानं मोबाइलवर फोटो काढून पाठवला. आता फोटोवरनं माप कसं घ्यायचं? मामांनी निरोप धाडला: भागाच्या सपाट तोंडावर पाच रुपयांचं नाणं ठेवा आणि बरोबर वरनं फोटो काढा. पाचाचं नाणं तेव्हा 23 मिलिमीटरचं, गावोगावी तेवढंच. त्यावरनं बाकीची मापं काढली, फोनवर दोऱ्यानं मोजून घ्यायला लावली, आकसण्याचा हिशेब धरला, वर टर्निंगसाठी, म्हणजे लेथवर कापायला, जादा मटेरियल ठेवलं. भाग एस.टी.च्या पार्सलनं गेला, तिथल्या लेथवाल्यानं शाफ्टला जुळवून घेतला, आणि इंजिन सुरू झालं.

मग नाण्यांचे फोटो यायला लागले. एकाच्या भागाची मापं काही केल्या जमेनात. मामा संध्याकाळभर भाच्यावर ओरडले, "आरं, ह्या भोकात बसंल असला बोल्ट अख्ख्या दुनियेत न्हाई!" शेवटी फोटो मोठा करून बघितला, तर गड्यानं दहाचं नवं नाणं ठेवलेलं. ते 27 मिलिमीटरचं, म्हणजे सगळं माप साधारण सातव्या हिश्शानं कमी निघत होतं. तेव्हापासून ब्लॉगवर ठळक अक्षरात ओळ आली: दहाचं नाणं चालणार नाही.

तर जे येतंय ते लिहा, गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहा. आपल्याकडच्या निम्म्या कारखान्यांच्या वेबसाइट उघडा, 'वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर्स'नं सुरुवात. वाचतो कोण हे? आणि चौकाचौकात वाढदिवसाचे डिजिटल फलक लावायला जे पैसे जातात त्यात चार पॅटर्न होतील, पण हे बोललं की मित्र रागावतात.

मामा ज्या 'ब्लॉगर' नावाच्या वेबसाइटवर लिहीत होते, ती सेवासुद्धा मंदीतनंच तगलेली बरं का. 1999 साली सुरू झाली, डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला तसे पैसे संपले, पगार थकले, माणसं सोडून गेली. 2001 च्या सुरुवातीला तिचा एक संस्थापक इव्हान विल्यम्स जवळजवळ एकटाच ती सांभाळत बसला होता. 2003 मध्ये गुगलनं ती विकत घेतली.

आता लोक व्हिडिओ करतात. करा की. पण हात ऑइलनं भरलेले असताना दहा मिनिटांच्या व्हिडिओत नेमकं 'निळा धूर' कुठं आलं, हे कोण शोधत बसणार? म्हणून व्हिडिओखाली चार ओळी लिहाच. भागाचं नाव गिऱ्हाईक म्हणतं तसं लिहा, फोन कधी उचलता ते लिहा.

आणि स्वतःचा लहान धंदा काढत असाल तर एक काम आजच करा. केंद्र सरकारच्या पोर्टलवरची उद्यम नोंदणी. जुलै 2020 पासून ती ऑनलाइन आहे, आधार आणि पॅन लागतं, सरकारी फी शून्य. कुणी एजंट त्याचीच सरकारी फी म्हणून हजार-दोन हजार मागायला लागला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नमस्कार.