अल्झायमर नेमकं कशाला म्हणायचं?

मंडळी, अल्झायमरचं निदान कसं करायचं, याचे निकष आजवर अनेकदा बदलले आहेत. ते का बदलले हे कळलं, तर आज आपल्या हातात येणारा रिपोर्ट वाचणं सोपं जातं.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर त्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. ते कागद १९९५ मध्ये पुन्हा सापडले. नाव काय? ‘ऑगुस्टे.’ आडनाव? ‘ऑगुस्टे.’ नवऱ्याचं नाव? ‘ऑगुस्टे, बहुतेक.’ जेवायला फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, पालक. १९०६ मध्ये त्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेले थर दिसले आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

पण बाईंचं वय कमी होतं, म्हणून हा ऐन प्रौढ वयातला दुर्मीळ आजार ठरला. पंचाहत्तरीच्या माणसाला हेच झालं तर ते वयाच्या खात्यावर जायचं. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात, तसंच युरोपातही चालत होतं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी वृद्धांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांतही तेच थर, तोच गुंता. मग १९७६ मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कात्झमन यांनी एका संपादकीयात ठणकावून सांगितलं की ही वयाची रेघ खोटी आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. कोट्यवधी म्हातारी माणसं त्यामुळे ‘रुग्ण’ म्हणून दिसू लागली, त्यांच्यावर संशोधन सुरू झालं.

१९८४ मध्ये पहिले सर्वमान्य निकष आले. त्यात खात्रीचं निदान फक्त मेंदूची ऊती तपासून, म्हणजे बहुतेकदा मृत्यूनंतर. जिवंत माणसाला फार तर ‘संभाव्य’ अल्झायमर. मग २००४ मध्ये पिट्सबर्ग आणि उप्साला इथल्या संशोधकांनी जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे त्या थरांमधलं प्रथिन, पेट (PET) स्कॅनवर दाखवलं. पुढे औषधांच्या चाचण्यांत असंही आढळलं, की अल्झायमर म्हणून घेतलेल्या काही जणांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतंच! नुसत्या लक्षणांवर विसंबण्याची मर्यादा तिथे उघडी पडली.

म्हणून २०११ मध्ये लक्षणं दिसण्याआधीचा टप्पाही व्याख्येत आला, पण केवळ संशोधनापुरता. २०१८ मध्ये, तेही संशोधनासाठीच, व्याख्या पूर्णपणे प्रथिनांवर नेली गेली, म्हणजे थरांमधलं अमायलॉइड आणि गुंत्यातलं टाऊ. आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या अल्झायमर्स असोसिएशनने बोलावलेल्या गटाने म्हटलं की या प्रथिनांच्या ठरावीक चाचणीत बिघाड दिसला की आजार आहे, लक्षणं असोत वा नसोत. त्याच वर्षी फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ ब्रुनो द्युबुआ यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे नाकारलं. लक्षणं नसतील तर माणूस फक्त ‘जोखमीत’ आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी द्युबुआंच्या बाजूचा आहे. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज पाहा. बुद्धी शाबूत असलेल्यांपैकी पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असतं. त्यातले कितीतरी जण स्मृतिभ्रंश न होताच आयुष्य पुरं करतात. अमायलॉइड काढणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं सौम्य लक्षणं असलेल्यांसाठीच मंजूर झाली आहेत. मग ठणठणीत माणसाच्या कपाळी हा शिक्का मारून आपण त्याला काय देणार? घरचे त्याच्या हातून चेकबुक काढून घेतील, एवढंच.

आता रक्तातल्या पी-टाऊ २१७ या प्रथिनावर आधारलेली चाचणी आली आहे, आणि तिचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं. पण अमेरिकेत मे २०२५ मध्ये तिला मान्यता मिळाली ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या लोकांसाठी. २०२४ चे दोन्ही गट भांडले, तरी लक्षणं नसलेल्यांची ही तपासणी दवाखान्यात सरसकट करू नये, यावर दोघांचं एकमत आहे. तेव्हा हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती कुणी देऊ केली, तर नको म्हणा.

आणि घरात कुणाला खरंच विसरायला होत असेल, तर आधी बी-१२, थायरॉईड आणि नैराश्य तपासून घ्या. ही कारणं बरी करता येतात. डॉक्टरांकडे जाताना रोज त्यांच्यासोबत राहणारं माणूस बरोबर न्या. आजी शाळेत गेल्या नसतील, तर दवाखान्यातल्या चाचणीत विचारतात तसं शंभरातून सात-सात वजा करायला लावून काही कळत नाही. भाजीवाल्याशी पैशांचा हिशोब त्या केव्हापासून चुकायला लागल्या, हे त्या माणसालाच सांगता येईल.