हगवण थांबली, पण पाय उचलेना

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं आणि गावात हगवण-उलट्या सुरू होतात. चार दिवसांत पोट ठिकाणावर येतं, माणूस वावरात जायला लागतो. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल.

एखाद्याच्या तळपायांना मुंग्या येतात. चप्पल पायातून निसटते, पण कळत नाही. उकिडवं बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. घरचे म्हणतात, हगवणीनं ताकद गेली, एक सलाईन लावून आणा. इथंच मोलाचे दिवस जातात. हा अशक्तपणा नाही. हा गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस असू शकतो. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात ज्याचे रुग्ण एकदम वाढले, तोच.

दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. त्याचं वरचं आवरण आणि आपल्या नसांवरचे काही घटक सारखे दिसतात. जंतूला मारायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मग नसांवरच तुटून पडतात. डुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट आपल्याच बैलाला लागावा, तसं. फ्लू, झिका, हिपॅटायटिस ई यांनंतरही हे होऊ शकतं. होतं मात्र वर्षाला लाखात एक-दोघांनाच, आणि रुग्णाजवळ बसल्यानं हा आजार लागत नाही.

लकवा बहुधा एका बाजूला मारतो. यात दोन्ही पाय जातात आणि कमजोरी वर चढते. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. भीती छातीची, म्हणजे श्वास अडकण्याची. रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगा. विसापर्यंत पोचत नसेल, पाणी गिळताना ठसका लागत असेल, तर थांबू नका. चार-पाचांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. म्हणून भगत नको, गल्लीतलं इंजेक्शनही नको. स्टेरॉइडचा यात फायदा नाही. इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून देतात) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलणं हेच उपचार, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत चांगले लागू पडतात. बहुतेक जण पुन्हा चालतात, पण महिने लागतात.

१०८ला फोन करा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातच न्या. नागपूर, यवतमाळ, अकोला, जे जवळ असेल ते. निघताना रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर आधी तेच मागतात.