दिघ्याच्या ८३ पायऱ्या

हा दिघा, नवी मुंबईचं ठाण्याकडचं टोक. खाली ठाणे-बेलापूर रोड, मागं पारसिकचा डोंगर, आणि त्याच्या अंगावर चढत गेलेली ही इलठणपाड्याची घरं. सकाळचे सात वाजलेत, पाणी आलंय, म्हणून एवढी कळशांची गडबड.

ह्या निळ्या साडीतल्या ताई. त्यांचे पाय बघा, मुद्दाम बघा. डावा लहानपणी पोलिओनं गेला. हात गुडघ्यावर दाबायचा, पाय पुढं टाकायचा, मग दुसरा, असं करत रिक्षापर्यंत ८३ पायऱ्या, आमच्या कॅमेरामननं मोजल्यात, वर येताना तो स्वतः दोनदा बसला.

ताई वडार समाजातल्या, आईवडील खाणीत दगड फोडायला आले नि इथलेच झाले, पण अपंगत्वाचा दाखला मात्र आजोळच्या, सोलापूरकडच्या पत्त्यावर. हे लक्षात ठेवा.

ही अंतराची सुई, मूल राहू नये म्हणून घ्यायची. दर तीन महिन्यांनी एक, सरकारी केंद्रात फुकट. ती घेतली की पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते. ताई साइटवर कामाला गेल्या आणि एक सुई चुकली, पाळी आली नाही तर वाटलं सुईमुळंच असणार. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा चौथा महिना सरत आलेला, आणि नवरा घर सोडून गेलेला.

केंद्राच्या भिंतीवरचं हे चित्र बघा. नवरा, बायको, दोन पोरं, सगळे धडधाकट, लाल त्रिकोणाखाली हसतायत. ह्याच्याच खाली बसून ताईंना विचारलं गेलं, गर्भपात करायचा तर मिस्टर कुठायत, सही लागेल. खरंतर १८ वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्यात नाहीच, १९७१ पासून नाही! २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ ला दोघांचं, तेही ठरावीक बायकांसाठी. त्यात विधवा आहे, घटस्फोटित आहे, अपंग आहे, २०२२ला सुप्रीम कोर्टानं अविवाहित बाईही त्यात धरली. पण ताईंकडं ना घटस्फोटाचा कागद, ना हाताशी दाखला.

हा दिघ्याचा नाका, गाड्या चारी बाजूंनी येतायत. किंबर्ली क्रेनशॉ ह्या अमेरिकन वकील बाईंनी १९८९मध्ये एकाच बाईवर अनेक बाजूंनी येणारा भेदभाव समजावायला असाच चौक सांगितला होता. तिकडं जनरल मोटर्सवर काळ्या बायकांनी केस केली होती, कोर्ट म्हणालं, काळ्यांना नोकऱ्या आहेत की, बायकांनाही आहेत की. होत्याच, काळे पुरुष कारखान्यात आणि गोऱ्या बायका ऑफिसात, काळी बाई मात्र १९६४च्या आधी कुठंच नाही, नंतर घेतली तीही कपातीत आधी गेली. चौकात उभ्या माणसाला कुठल्या गाडीनं उडवलं ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला तर सगळ्यांनीच हॉर्न मारला.

सोनोग्राफीच्या खोलीत कॅमेरा नेता आला नाही, ते सोडून देतो. चार खेपा झाल्या, एकदा सहीसाठी, एकदा दाखल्यासाठी, एकदा मशीन बंद, एकदा डॉक्टर रजेवर, प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली. २४ आठवडे उलटून गेले, मुलगी झाली, काम सुटलं.

आता ही पिशवी बघा, त्यात टॉवेल, दुधाची बाटली, लसीचं कार्ड. आज पोलिओचा डोस आहे. ताई पोरीला उजव्या कडेवर घेतात, कारण डावा हात गुडघ्याला लागतो.