फादर असोत, सर असोत, नियम एकच

श्रोतेहो, नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि वसई-मुंबईपासून पुणे-नाशिक-नागपूरपर्यंत कॅथलिक संस्थांच्या शाळांमध्ये वेळापत्रक लागतं. अनेक ठिकाणी त्यात आठवड्यातला एखादा तास असा असतो, की त्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. शरीरसुरक्षेचा, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून स्वतःला कसं जपायचं याचा, पाठ घ्यायचं ठरलं की हाच तास हाताशी येतो, कारण त्याला परीक्षा नसते. पहिली गडबड इथेच होते. एका खोलीत सिस्टर काहीतरी सांगतात, दुसरीत टीचर वेगळं सांगतात, आणि मधल्या सुट्टीत मुलांना कळतं की आपल्याला दोन निरनिराळे नियम मिळालेत. म्हणून हा पाठ पूर्ण वर्गाला एकत्र द्या, मुलगे-मुली दोघांनाही. परिसर अभ्यासाचा किंवा विज्ञानाचा तास घ्या.

मुलग्यांना वगळू नका, हे मुद्दाम सांगावं लागतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बाल अत्याचारांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो झाला होता. लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस’ एवढ्यावर पाठ संपवणाऱ्या शाळेने या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावं.

आता कॅथलिक शाळेची खास अडचण. इथे शिस्त हा शाळेचा मान असतो. मूल कुठल्याही धर्माचं असो, पालक ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ म्हणूनच रांगा लावून प्रवेश घेतात. ख्रिस्ती घरातलं मूल तर दहा आज्ञांतल्या चौथीपासून, ‘आईवडिलांचा मान राख’, मोठ्यांचा मान राखायला शिकतं. फादर घरी आले की सगळे उभे राहतात, सिस्टर दिसल्या की हात जोडले जातात. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा मोठ्यांनीच, स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. नुसतं ‘कुणीही’ म्हणून भागत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या मनात त्या ‘कुणीही’मध्ये फादर येतच नाहीत. म्हणून यादी तोंडाने म्हणायची: सर, टीचर, फादर, सिस्टर, ब्रदर, बसवाले काका, पीटीचे सर, ट्यूशनचा दादा, मामा, आजोबा, वरच्या वर्गातला मुलगा. यातलं एखादं नाव गाळलं, तर मूल त्या माणसाला नियमातून सूट मिळालीय असं धरून चालतं. असेंब्लीत प्रिन्सिपल सिस्टरनी किंवा धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांनी स्वतः उभं राहून ‘हा नियम मलाही लागू आहे’ असं म्हटलं, तर त्या एका वाक्याचं वजन दहा तक्त्यांना येणार नाही.

पाठ कसा घ्यायचा ते पाहू. आधी पालकसभा, निदान आठवडाभर अगोदर. जे शब्द वर्गात वापरणार, तेच पालकांसमोर वापरा, चित्रं दाखवा, घरी मूल काय विचारील याची कल्पना द्या. ही सभा टाळली, की दुसऱ्या दिवशी ‘आमच्या मुलाला नको ते शिकवलं’ म्हणत चार जण ऑफिसात उभे राहतात, आणि बहुतेक शाळा तिथेच माघार घेतात.

वर्गात दोन मोठी माणसं हवीत. एक समुपदेशक किंवा प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका, दुसऱ्या वर्गशिक्षिका. एक शिकवते, दुसरी मुलांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवते. पहिली-दुसरीला वीस मिनिटं पुरे, पण वर्षातून तीन-चार वेळा. तिसरी ते पाचवीला पूर्ण तास. वर्षातून एकदा पाहुणा बोलावून दोनशे मुलांना हॉलमध्ये बसवलं, फोटो काढला आणि अहवाल लिहिला, यातून मुलाच्या हाती काही पडत नाही. दोनशे जणांत कुणी प्रश्न विचारत नाही.

लहानांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं एका सुरात सांगा. डोळा, कोपर, गुडघा म्हणताना जो आवाज, तोच शिश्न, योनी, नितंब म्हणताना. शिक्षिकाच लाजली, की मुलाला संदेश पोचतो की हे बोलायचं नसतं. घरचे लाडाचे शब्द मुलाने वापरले तर हसू नका, पण डॉक्टरांना आणि पोलिसांना कळेल असं नाव सोबत द्या. मग नियम: अंघोळीच्या चड्डीने झाकला जाणारा भाग, मुलींची छाती आणि सगळ्यांचं तोंड हे खासगी. स्वच्छतेसाठी किंवा तपासणीसाठी गरज असेल तरच कुणी हात लावायचा, डॉक्टरने लावायचा तर घरचं मोठं माणूस शेजारी हवं. दुसऱ्याचे खासगी भाग पाहायला किंवा हाताळायला सांगणं, तसले फोटो दाखवणं किंवा काढणं, हेही त्याच नियमात येतं. नियम कृतीवर बांधायचा, मुलाला काय वाटलं त्यावर नाही. नेहमीचा घोळ तिथेच होतो. गोड बोलून, गुदगुल्या करत, खाऊ देत केलेला स्पर्श मुलाला त्या क्षणी वाईट वाटेलच असं नाही. मग ते स्वतःलाच दोषी धरतं आणि गप्प बसतं.

दाखवायला चित्र किंवा बाहुली घ्या. कुठल्याही मुलाला पुढे बोलावून त्याच्या अंगावर हात ठेवून दाखवायचं नाही. आणि ‘तुमच्यापैकी कुणाबरोबर असं झालंय का?’ हा प्रश्न भर वर्गात कधीही विचारायचा नाही. एखादं मूल आपणहून सुरू झालंच, ‘टीचर, माझा काका…’, तर त्याला हळुवार थांबवा: ‘बाळा, मला तुझं सगळं ऐकायचंय. तास संपला की लगेच आपण दोघं बसू.’ आणि खरोखर लगेच बसा. उद्यावर टाकलं तर ते मूल पुन्हा तोंड उघडेलच याची खात्री नाही.

‘नाही म्हण, तिथून नीघ, जाऊन सांग’ हे तीन टप्पे सगळीकडे शिकवतात. त्याला एक जोड हवी. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा, की तुला ओरडता आलं नाही, पळता आलं नाही, तरी चूक तुझी नाही, आणि कितीही दिवसांनी सांगितलंस तरी चालेल. हे वाक्य गाळलेला पाठ त्याच मुलाला जास्त जखमी करतो, ज्याच्यासाठी तो घ्यायचा.

मग प्रत्येकाने वहीत आपला पंजा गिरवायचा आणि पाच बोटांवर पाच मोठ्या माणसांची नावं लिहायची. निदान एक शाळेतलं, निदान दोन घराबाहेरची. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, कुणीतरी ऐकेपर्यंत. तासाच्या शेवटी सगळ्यांना कागदाची सारखी चिठ्ठी द्या. ज्याला काही विचारायचंय त्याने लिहायचं, नाही त्याने फूल काढायचं, पण पेटीत सगळ्यांनी टाकायची. म्हणजे कोण लिहितंय ते दिसत नाही. पेटी त्याच दिवशी, दोघांनी मिळून उघडायची. जिन्याखाली धूळ खात पडलेली कुलूपबंद तक्रारपेटी असून नसल्यासारखीच.

सहावीपासून पुढे मोबाइल आला. ओळख वाढवणं, ‘हे आपल्या दोघांतच’ म्हणणं, फोटो मागणं, मग धमकावणं, ही साखळी मुलांना पायरी-पायरीने दाखवा. फोटो पाठवून बसलेल्या मुलाला सांगा: आणखी काही पाठवू नकोस, पैसे देऊ नकोस, संदेश पुसू नकोस, मोठ्या माणसाला दाखव. नववी-दहावीला कायदाही सांगा. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण, मुलगा असो वा मुलगी, पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, दृष्टीने मूल आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एक गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागते आणि ती सहसा राहून जाते. साधारण तिसरी-चौथीत मुलं पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, तयारी करतात, त्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली, होतं. ‘अशुद्ध कृत्य’ हे पाप, असं मूल पाठ करतं. कुणी त्याच्या शरीराशी खेळलं असेल तर ते कन्फेशनमध्ये जाऊन आपलं पाप म्हणून सांगतं. तिथे ऐकणाऱ्या धर्मगुरूंना चर्चच्या कायद्याने ते कुणापाशीही उघड करता येत नाही. मूल समजतं आपण सांगितलं, सुटलो, आणि अत्याचार मात्र चालूच राहतो. म्हणून कॅटेकिस्टने, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्याने, तयारीच्या वर्गातच सांगायचं: दुसऱ्याने तुझ्याशी केलेली गोष्ट हे तुझं पाप नाही, ते कन्फेशनचा विषय नाही, ते पंजावरच्या माणसाला सांगायचं. आणि कन्फेशनमध्ये असं काही कानी आलं तर धर्मगुरूंनी मुलाला तिथेच सांगावं, की तुझी यात चूक नाही, बाहेर जाऊन हे आईला किंवा टीचरला सांग. मुलांची कन्फेशन्स चर्चमध्ये उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर व्हावीत.

आता मूल येऊन सांगतं तेव्हा काय करायचं? बसा, ऐका, चेहरा शांत ठेवा. ‘बरं केलंस सांगितलंस, तुझी चूक नाही.’ ‘का गेलास?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे विचारू नका. ‘सरांनी इथे हात लावला का?’ असं उत्तर तोंडात घालू नका. ‘मग काय झालं?’ एवढं पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला जे मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ म्हणा. मग मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख, वेळ, सही. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. आणि तातडीचे उपचार देण्याआधी कुठलाही डॉक्टर पोलिसांचं पत्र मागू शकत नाही.

त्यानंतर पोलीस. पॉक्सो कायदा 2012 चा. त्याच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षिका, शिपाई, नन, धर्मगुरू, सगळे त्यात आले. प्रिन्सिपलच्या किंवा मॅनेजरच्या परवानगीची वाट पाहायची नाही. न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत. सद्‌भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. शाळेने स्वतः चौकशी करायची नाही, आरोपीला बोलावून समोरासमोर करायचं नाही. तसं केलं की पुरावा जातो आणि मुलावर दबाव येतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, हे पालकांना सांगा. भीतीचं निम्मं ओझं तिथेच उतरतं. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाची ओळख पटेल असं काहीही जाऊ देऊ नका.

आरोपी धर्मगुरू किंवा ननच असेल तर? ‘आधी बिशपांना कळवू, ते बघतील’ ही पळवाट आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये दिलेल्या आणि मार्च 2023 मध्ये कायम केलेल्या नियमांनी धर्मगुरू आणि व्रतस्थांवर (नन, ब्रदर) चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन घातलं. त्याच नियमांत लिहिलंय की देशाच्या कायद्याने लादलेलं कळवण्याचं कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही. म्हणजे दोन्हीकडे कळवायचं आणि पोलिसांकडे तातडीने. पॉक्सो कायदा शैक्षणिक वा धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरतो. त्यातल्या शरीरात प्रवेश करून केलेल्या लैंगिक आक्रमणाला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. चर्चचं नाव जाईल म्हणून पांघरूण घालणाऱ्यांनी जगभरात चर्चचं नाव कशाने गेलं ते आठवावं.

इमारतीचंही पाहा. समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच हवी. मोठ्यांची स्वच्छतागृहं वेगळी. मिस्सेत मदत करणारी वेदीसेवक मुलं सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीलगतच्या खोलीत, कपडे बदलतात तिथे दार उघडं, दोन मोठी माणसं. क्वायरची तालीम, स्पर्धेचा सराव, सहलीचा मुक्काम, कुठेही एक मूल आणि एक मोठा माणूस बंद दाराआड नको. शिक्षकाने मुलाला खासगी मेसेज पाठवायचा नाही, ग्रुपवर टाकायचा. पोलीस पडताळणी अनेकदा फक्त शिक्षकांची होते. बसचालक, सफाई कामगार, कंत्राटी कोच आणि रविवारचे स्वयंसेवक कॅटेकिस्ट राहून जातात, त्यांचीही करा.

मिशनच्या वसतिगृहांत, विशेषतः आदिवासी पाड्यांवरून आलेल्या मुलांसाठी, पाच बोटांची यादी करताना अडतं. घर लांब, फोन वॉर्डनच्या ताब्यात, आणि तक्रार वॉर्डनचीच असली तर? अशा वसतिगृहात मुलाला परवानगी न मागता हाती घेता येईल असा एक फोन हवा, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या कुणीतरी, तिथे नोकरीला नसलेल्या माणसाने, मुलांना एकेकटं भेटायला हवं. मुलाच्या बोलीत बोलणारं माणूस असेल तर उत्तम. वारली किंवा भिली बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला अशी गोष्ट प्रमाण मराठीत मांडता येत नाही.

त्या फोनशेजारी भिंतीवर मुलाच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा, क्रमांक लिहा. श्रोतेहो, तुम्हीही टिपून घ्या: एक, शून्य, नऊ, आठ. 1098. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतः लावू शकतं. नमस्कार.